खोगीर न देण्याची कारणे

६ फेब्रुवारी, सोमवार

ही वही घरखर्चाची. मागची चाळीस पाने कोरी राहिली होती. ती वाया घालवण्यापेक्षा वही उलटी करून इथून लिहायला घेते आहे. रोज लिहावे असे आमच्या घरात काही घडत नाही. लिहायचे ते एवढ्याचसाठी, की खोगिराबद्दल कोणाला काय कारण सांगितले ते माझ्या लक्षात राहत नाही. परवा ठेकेदारांना म्हणाले, "तुमच्या घोड्याला ते अरुंद पडेल हो." काल त्यांच्याच देखत पागावाल्या मामांना म्हणून बसले, की खोगीर जरा सैल बसतं म्हणून खाली घोंगडी घालावी लागते. ठेकेदार मिशीत हसले. मला धरणी ठाव देईना.

खोगीर आमच्या मोठ्या वन्संचे. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. जन्मभर घोड्यावर आणि जन्मभर एकट्या. जीभ तिखट, हात सैल. गेल्या तेव्हा खोगीर माझ्या लेकीच्या नावाने ठेवून गेल्या, सोबत दोन ओळींची चिठ्ठी. 'खोगीर कोणालाही उसने देऊ नये. वर्षातून एकदा जीनगराला दाखवावे.' दुसरी ओळ म्हणजे वन्संचा सैल हात. जे मोडले नाही ते खोगीर शिवणाऱ्या कारागिरापुढे कशाला न्यायचे? पहिली ओळ मात्र मला पुरती पटली. असले खोगीर या गावात दुसरे नाही. पागेतली बाकीची खोगिरे म्हणजे उसवलेल्या गाद्या. त्यांच्यात आमचे एकटेच वेगळ्या खुंटीवर, पिकल्या चिंचोक्यासारखे चकचकीत. येणारा-जाणारा हात फिरवून जातो.

लेकीची घोडदळाची परीक्षा २० एप्रिलला. शहराच्या गस्तीच्या घोडदळात मुलींसाठी दोनच जागा आहेत. पागेतली करडी घोडी आणि हे खोगीर, यांची तिला सवय झाली आहे. तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी तिला सांगून ठेवले आहे, "कुणी मागितलं तर आईला विचारा म्हणायचं." त्यामुळे नाही म्हणायचे खाते माझ्याकडे.

पण मलाही नुसते नाही म्हणता येत नाही. आमच्या आईचे वळण तसे. दारी आलेल्याला नाही म्हणायचे तर सोबत कारण द्यावे, म्हणजे माणूस रिकाम्या हाताने जात नाही. कारण नसले तर शोधावे लागते. आणि शोधलेले कारण म्हणजे खोटेच की. म्हणून ठरवले, एका खोट्याला जपाची एक माळ जास्त. इथे लिहायचे, माळ झाली की खोडायचे.

ठेकेदार, अरुंद: खोटे. मामा, सैल: खोटे. माळा दोन. झाल्या.

९ फेब्रुवारी

पागेत झुली शिवायला बसते तेव्हा लेक समोरच्या मैदानात करडीवर असते. झुली म्हणजे घोड्यांच्या पाठीवर टाकायची जाड पांघरुणे. गेली तीन वर्षे पागेतल्या सगळ्या मीच शिवते. टाके मोजत मोजत मान वर केली की लेक दिसते. पाठ सरळ, हनुवटी वर, अगदी वन्संची बसणी.

ठेकेदार आज पुन्हा आले.

"वहिनी, एक तास. घड्याळ लावून एक तास."

"भाऊजी, तेल लावून ठेवलंय हो. तुमची विजार खराब होईल."

"विजारीचं मी बघतो."

"नको बाई, तुमच्या घरी मला बोलणी बसतील."

"खोगीर आहे का सुनेपासून लपवलेले दागिने?" असे म्हणून गेले. रागावले नाहीत. ठेकेदारांचे एक बरे आहे, त्यांना नाही ऐकायची सवय आहे.

तेल: खोटे. झाली.

१३ फेब्रुवारी

आज मात्र पंचाईत झाली. दंतवाल्या बाईंनी मागितले.

दंतवाल्या बाई म्हणजे चौकातल्या दातांच्या डॉक्टर. भरल्या अंगाच्या, हसऱ्या, वयाच्या पंचेचाळिशीत घोड्यावर बसायला शिकताहेत. माझी दाढ त्यांनी काढली तेव्हा दोन दिवस घरी येऊन बघून गेल्या होत्या. अशा बाईला घोंगडी आणि तेल सांगवेना.

"ताई, सरावाच्या खोगिरानं माझी कंबर धरते. आठवड्यातून एकदा तुमचं मिळालं तर? लेकीचा सराव आटोपल्यावर."

माझ्या तोंडून निघून गेले, "दिलं असतं हो, पण ते दुरुस्तीला द्यायचंय. आज-उद्या नेणारच आहे."

"अरे, काय झालं त्याला?"

"पट्टे जरा उसवलेत."

"मग लेकीला बसू देऊ नका हं तसं," म्हणाल्या. किती भले माणूस. 

खोटे: एक. पण हे एका माळेत फिटेल असे वाटत नाही.

१४ फेब्रुवारी

प्रार्थनेला बसले आणि मनात आले, खोटे बोलून झाले आहे, पण ते खरे करून टाकले तर? खोगीर खरोखरच दुरुस्त केले तर मी बाईंशी खोटे बोललेच नाही. देवानेच सुचवले म्हणायचे.

ह्यांना सांगून खोगीर घरी आणवले. हे टपाल कचेरीत पत्रे निवडतात, पिशव्या उचलून उचलून खांदा एका बाजूला कललेला. त्याच खांद्यावरून आणले. उलटे करून पाहते तर काय, खरेच. घोड्याच्या पोटाखालून आवळतात तो तंग. तो ज्या दोन पट्ट्यांना अडकवायचा, त्या पट्ट्यांची वरच्या बाजूची शिवण दोन्हीकडे सुटत आलेली.  मी उगाच बोलले आणि ते आधीपासून तसेच होते. याला योगायोग कसे म्हणावे?

हे म्हणाले, "जीनगराकडे टाकतो उद्या. वाटेतच आहे."

"दोन टाक्यांसाठी?"

"चामड्याचं काम आहे ते."

"आणि माझा हात काय आज शिवायला शिकलाय?"

हे चष्मा पुसत बसले. चष्मा पुसायला लागले की वाद संपला.

१६ फेब्रुवारी

दोन दिवस लागले. जुना दोरा पूर्ण काढून टाकला. जीनगराने घातलेले टाके बघून हसू आले. हे एवढाले लांब, पोत्याला घालतात तसे. बोटाच्या रुंदीत जेमतेम चार. मी मेण लावलेला दुहेरी दोरा घेतला, बारीक सुई घेतली आणि तेवढ्याच जागेत अकरा घातले. एक ओळ कमी वाटली म्हणून तिला लागून दुसरी घातली, मग तिसरी. सुई आत जाईना तेव्हा टोचणीने आधी भोके पाडून घेतली. अंगठ्याला फोड आलाय. पण बाळाच्या अंगड्याला घालावी तशी शिवण झाली आहे. प्रत्येक टाक्याला देवाचे नाव घेतले.

लेकीने बोट फिरवून बघितले. "आई, हे मशीनलासुद्धा जमणार नाही."

पागेत मामांनीही पाहिले. मामांनी पन्नास वर्षे घोड्यांत काढली आहेत, सहसा कोणाला चांगले म्हणत नाहीत. ते म्हणाले, "वा. झुलीवर असावं असं काम आहे." लेकीने तंग आवळला, करडीने कान हलवले, आणि दोघी मैदानात गेल्या.

१३ तारखेचे खोटे खोडले. माळ न ओढता.

२ मार्च

विशेष नाही. लेक म्हणते, उडी घेताना खालून बारीक करकर ऐकू येते. नवा दोरा बसतो आहे, म्हटले. मेणबत्ती घासून दिली.

११ मार्च

दंतवाल्या बाईंनी पुन्हा विचारले. "झालं का हो दुरुस्त?" मला खोटे बोलायचे नव्हते. "झालं," म्हणाले. त्या हसून वाट बघत राहिल्या. मग म्हणाले, "परीक्षा होऊ दे हं, मग बघू." परीक्षेनंतर द्यायचे माझ्या मनात नाही. त्यांना ते कळले असावे, कारण "हो हो, परीक्षा महत्त्वाची," असे दोनदा म्हणाल्या.

हे खोटे धरायचे की नाही? 'बघू' म्हणाले, 'देऊ' नाही. अर्धी माळ ओढता येत नाही म्हणून पूर्ण ओढली.

१९ मार्च, रविवार

सकाळी प्रार्थनेला गेले होते. तिकडून परस्पर पागेत गेले, तर आमच्या खोगिरावर दंतवाल्या बाई. करडी त्यांच्याखाली दुडक्या चालीने फिरते आहे आणि माझी लेक मध्ये उभी राहून टाळ्या वाजवते आहे.

 बाई उतरल्या, मला पाहून लाल झाल्या, "ताई, माझीच चूक," म्हणाल्या. मी म्हणाले, "छे हो, त्यात काय एवढं." हे एक खोटे.

घरी आल्यावर लेकीला धारेवर धरले.

"वन्संनी काय लिहून ठेवलं होतं?"

"आत्यानं दोन गोष्टी लिहिल्या होत्या, आई."

"आधी पहिली पाळ."

"बाईंनी मागितलं नव्हतं. मीच म्हणाले बसा. त्यांची कंबर दुखते आणि आपण कारणं सांगत बसतो. मला शरम वाटते तुझ्या कारणांची."

रात्री तिघे जेवायला बसलो. हे मध्येच म्हणाले, "एक तासानं काय झिजतंय?"  बाईंचे वजन माझ्या दीडपट तरी असेल.

२७ मार्च

लेक पडली. सकाळी, तिसऱ्या उडीला. पट्टे तुटले, खोगीर फिरले. इस्पितळात आहे. देवा.

३० मार्च

डाव्या खुब्याचे हाड तीन ठिकाणी मोडले आहे. शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "करडीला लागलं का?" घोडीला काही झालेले नाही.

मी तिथे बाकावर बसून माळ ओढते. मोजदाद ठेवलेली नाही.

४ एप्रिल

माझ्या मनात एकच गोष्ट घोळते. माझी लेक महिनाभर रोज त्यावर बसत होती, काही झाले नाही. बाई एक तास बसल्या आणि आठच दिवसांत पट्टे तुटले. हे कळायला मॅट्रिकसुद्धा व्हावे लागत नाही.

ह्यांना बोलून दाखवले. हे खिडकीशी उभे होते. म्हणाले, "खोगीर जीनगराकडे टाकून आलोय. तो बघून सांगेल."

"आता काय सांगायचं राहिलंय?"

"सांगेल ना," म्हणाले.

८ एप्रिल

हे आज कचेरीतून उशिरा आले. जीनगराकडे गेले होते.

"काय म्हणाला?"

"चामडं जुनं होतं म्हणाला."

"आणि बाईंच्या वजनाचं?"

हे जेवायच्या ताटाकडे बघत राहिले. मग "जुनं चामडं," एवढेच पुन्हा म्हणाले आणि उठले. अर्धे जेवण तसेच. हे ताटात कधी टाकत नाहीत, आमच्याकडे ती रीतच नाही. जागरणे फार होताहेत त्यांना.

शिवणाच्या डब्यातला मेणाचा खडा सापडत नाही. मेण लावलेल्या दोऱ्याचे रीळही नाही. ह्यांना विचारले तर म्हणाले, उंदीर नेतात मेण. पण रीळ?

१४ एप्रिल

दंतवाल्या बाई इस्पितळात आल्या. फळे आणली होती. मी फळे खाली ठेवू दिली नाहीत.

जे बोलले ते लिहिते, कारण देवासमोर ते मला पुन्हा म्हणावे लागणार. म्हणाले, "तुमच्या कंबरेचं दुखणं माझ्या लेकीच्या खुब्यात गेलं. एक तासाची हौस. तुमची हौस झाली, आता तिला आयुष्यभर काठी."

बाई पांढऱ्या पडल्या. काहीतरी बोलायला तोंड उघडले. लेक म्हणाली, "आई, पुरे." आणि बाईंचा हात धरला. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हो ताई. माझ्यामुळेच झालं. मी बसायला नको होतं."

लेकीने तोंड भिंतीकडे केले.

मला वाटले होते, कबूल झाल्या की मन हलके होईल. झाले नाही. कोणी इतक्या सहज कबूल होते का? मी मारे भांडायची तयारी करून बसले होते, आणि धक्का द्यायला समोर दारच नाही.

२० एप्रिल

आज परीक्षा होती. लेकीला कालच घरी आणले. तिने खिडकी लावून घ्यायला सांगितली. पागा तीन गल्ल्या पलीकडे, इथून टापा ऐकू येत नाहीत. तरी लावली.

२८ एप्रिल

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. चालेल, काठी घेऊन. घोड्यावर बसणे नाही. लेकीने मान डोलावली, जशी एखाद्या परक्याची गोष्ट ऐकावी. बाहेर आल्यावर मी रडले, तर तीच माझी पाठ थोपटत म्हणाली, "आई, घोडदळात पहाटे चारला उठावं लागतं. मला कुठं जमणार होतं?" ती जन्मभर चारलाच उठत आली आहे.

पागेत निरोप पाठवला, झुलींचे कापड पाठवा, घरी बसून शिवते, तेवढाच हाताला विरंगुळा. मामांचा उलट निरोप आला, यंदा झुली बाहेरून घेतल्या. तीन वर्षांत असे झाले नाही. त्यांना वाटले असेल, हिला कशाला आता त्रास. पण मला तर त्रासच हवा होता.

दंतवाल्या बाई रोज संध्याकाळी लेकीला व्यायाम करायला लावून जातात. मी समोर जात नाही. आतल्या खोलीतून ऐकते. दोघी हसतात. अपराधी माणसाला असे हसू कसे येते, आणि माझ्या लेकीला त्याच्यासोबत?

८ मे

आज जीनगराकडे गेले. ह्यांना न सांगता. खोगीर तिथेच पडून होते, दर वेळी विचारले की हे म्हणायचे, अजून झाले नाही. म्हटले, आपणच घेऊन यावे.

जीनगर म्हातारा आहे, कानाने कमी. दुकानात चामड्याचा आणि तेलाचा वास. मी म्हणाले, टपालवाल्यांचं खोगीर. त्याने समोर ठेवले. नवे पट्टे, लांब लांब टाके. पोत्याला घालतात तसे.

"जुने पट्टे आहेत का?"

"आहेत की. मी ठेवलेत, शिकायला येणाऱ्यांना दाखवायला." फळीवरून काढून दिले. "हे बघा. हे असं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. सोन्यासारखा हात आहे त्या बाईचा. हा टाका कपड्यावर असता तर नातवंडांपर्यंत टिकला असता."

मी म्हणाले, "मग पट्टा तुटला कसा?"

"म्हणजे काय? इथूनच तुटला." त्याने पट्ट्याची फाटलेली कड माझ्या बोटाखाली धरली. कड सरळ होती, दातेरी, टपालाच्या तिकिटाची असते तशी. "कापडात सुई गेली की धागे बाजूला सरतात, सुई काढली की पुन्हा जवळ येतात. चामड्याला धागे नसतात, बाई. त्यात पाडलेलं भोक भोकच राहतं. म्हणून आम्ही लांब टाके घालतो. तिनं तीन ओळींत मिळून इतकी भोकं पाडली, की पट्टा जागीच कापल्यासारखा झाला. वर दोऱ्यानं धरलेलं, तोवर चाललं."

"एखादी भारी अंगाची बाई बसली असली तर?"

"पोरगं बसलं असतं तरी तेच. एखादा आठवडा इकडे नाहीतर तिकडे. मी त्या साहेबांना सांगितलं तेव्हा ते इथं स्टुलावर बसले, अर्धा तास उठले नाहीत. म्हणाले, हे कुणाला सांगू नका." मग तो थांबला. माझ्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठा आपोआप टाक्यांवरून फिरत होता, ओळ मोजत.

म्हाताऱ्याने पट्टे कागदात गुंडाळून दिले. खोगीर मी उचलून चालत आणले. जड आहे.

९ मे

माळ हातात घेतली. नाव घेताना प्रत्येक मण्याला सुई आठवते. ठेवून दिली.

१० मे

हे, लेक, बाई, मामा. चौघांना माहीत होते.

१२ मे

दंतवाल्या बाईंच्या दवाखान्यात गेले. रांगेत बसले, माझा नंबर आल्यावर आत गेले. खुर्चीत बसवायला लागल्या तर म्हणाले, दात दुखत नाही, मी जीनगराकडे जाऊन आले.

बाईंनी हातमोजे काढले. बराच वेळ हात धूत राहिल्या.

"त्या दिवशी तुम्ही हो का म्हणालात?" मी विचारले.

"तुमच्या लेकीनं माझा हात दाबला. खूप जोरात, ताई. नखं उमटली होती."

"आणि मी तुम्हाला तसं बोलले, ते तुम्ही ऐकून घेतलं."

"मला उठून घरी जाता येत होतं. तिला तिथंच राहायचं होतं तुमच्याजवळ." मग म्हणाल्या, "एक विचारू? मी मागितलं तेव्हा पट्टे खरंच उसवले होते का?"

"मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला कारण म्हणून सांगितलं."

त्यांनी मान हलवली. माफ केले असे म्हणाल्या नाहीत, आणि मी मागितलेही नाही. दारापर्यंत सोडायला आल्या.

१५ मे

लेकीला सांगायचे कसे, हे तीन दिवस घोकंपट्टी केल्यासारखे घोकत होते. शेवटी ती खुर्चीत बसली असताना पट्ट्यांचा कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिने उघडला नाही. हाताला लागताच कळले तिला.

म्हणाली, "बाबांना सांगितलं होतं, ते आणून जाळा."

"का नाही सांगितलंस मला?"

"सांगून हाड जुळणार होतं का?"

बाहेर हे दारात येऊन उभे होते, कललेल्या खांद्याने, आत यावे की नाही अशा बेताने. लेकीने आपल्या झग्याची बाही ओढून बघितली. मनगटाशी उसवली होती, काठीने घासून.

"आई, एवढं घालून दे."

मी डबा आणला. सुईत दोरा जाईना. एकदा, दोनदा, पाचदा. तिने माझ्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली, आणि परत दिली. मी बाही शिवली. पाच टाके घातले. एरवी पंधरा घातले असते.

२१ मे, रविवार

संध्याकाळी ठेकेदार आले. लेकीची विचारपूस केली, चहा घेतला. खोगीर बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर ठेवलेले असते. निघताना त्यांची नजर गेलीच.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण आता ते नुसतं पडून आहे. आठवड्यातून एखादा तास..."

माझ्या जिभेवर तीन कारणे आली. सवयच आहे. एक तर अगदी खरेही वाटले असते.

मी म्हणाले, "नाही, भाऊजी. देणार नाही."

ते वाट बघत उभे राहिले, पुढे काय म्हणते म्हणून. मी काहीच म्हणाले नाही. माझे कान तापले. भिंतीपलीकडे लेकीच्या काठीचा आवाज थांबला.

"बरं," ठेकेदार म्हणाले. चपला घातल्या आणि गेले. रागावले नाहीत. फाटकाशी वळून "येतो" असेसुद्धा म्हणाले.

एवढेच होते. बोलायला आणि ऐकायला मिळून एक श्वास लागला. १३ फेब्रुवारीला दंतवाल्या बाई माझ्यासमोर उभ्या होत्या तेव्हा मला एवढेच म्हणायचे होते.

ते खोडलेले खोटे आज पुन्हा लिहून ठेवले.